तोट्यात निघायला हवी होती ती शाखा

एप्रिलच्या सुरुवातीला विभागीय कार्यालयाचा मेल आला. लहान शाखांनी आपापला ब्रेक-इव्हन काढून दोन आठवड्यांच्या आत पाठवावा. ज्या शाखा त्या रेषेखाली असतील त्या तालुक्याच्या शाखेत विलीन करण्याचा विचार आहे. आणि सगळ्यात शेवटी माझ्या कामाची ओळ होती: विलीन होणाऱ्या शाखेच्या व्यवस्थापकाला पसंतीचं ठिकाण मागता येईल. मी ती ओळ वाचली, केबिनबाहेर गेले, माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन तीच ओळ पुन्हा वाचली.

आमची शाखा काठी गावाच्या बाजूला, डोंगरातल्या एका बाजाराच्या गावात होती. दोन खोल्या, मी, एक कॅशियर आणि एक शिपाई. माझं घर खाली तापीकाठी. नवरा शेती करतो, थोडा कापूस आणि बाकी सगळी केळी. मूलबाळ नाही, सासू-सासरे गेले, त्यामुळे एवढ्या घरात तो एकटाच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेवढ्या दोन वेळा मी महिन्यातून घरी जायचे. तिसरं वर्ष चालू होतं. मी वर का राहते हे नातेवाइकांना समजावून समजावून त्याचं तोंड दुखलं होतं, आणि ऐकून ऐकून माझे कान.

त्याला लगेच फोन केला. तो बागेत होता, मोटारीचा आवाज येत होता.

"बँक डुबी ऱ्हायनी ना तुन्ही?" तो हसत म्हणाला. "डुबू दे. घर येशी तरी."

मलाही हसू आलं. शाखा बुडावी म्हणून हसणारी व्यवस्थापक मी एकटीच असेन असं वाटलं, पण कॅशियरला सांगितलं तर त्याचाही चेहरा उजळला. तो तिकडचाच, वरच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी, पण त्याची बायको आणि मुलं शाळेसाठी नंदुरबारला भाड्यानं राहायची. म्हणजे शिपाई सोडला तर शाखेत काम करणारं कोणीच शाखेच्या बाजूचं नव्हतं.

ब्रेक-इव्हन म्हणजे काही गूढ प्रकार नाही. शाखेचं शटर उघडलं की काही खर्च लागतोच, गिऱ्हाईक येवो न येवो. पगार, जागेचं भाडं, जनरेटरचं डिझेल, नेटवर्क. हा स्थिर खर्च. दुसरा कामाबरोबर वाढत जातो: ठेवीवर द्यायचं व्याज, खालून रोकड आणणारी गाडी. ठेवीतला काही पैसा आम्ही कर्जाऊ देतो, उरलेला मुख्य कार्यालय वापरतं आणि त्यावर आम्हाला व्याज देतं. आलेल्यातून गेलेलं वजा केलं की दर शंभर रुपयांमागे थोडंसं हातात उरतं. असे किती शंभर जमले म्हणजे स्थिर खर्च भरून निघेल, तो आकडा म्हणजे ब्रेक-इव्हन. त्याच्या वर नफा आणि खाली तोटा.

केळीत हे सोपं असतं. माझा नवरा घड मोजतो. रोपं, ठिबक, खत, मजुरी एवढी, एका घडाला भाव एवढा, तर अमुक घड झाले की खर्च निघाला, पुढचे सगळे घरचे. बँकेचा घड कोणता? ठेवीतला रुपया धरायचा, की कर्जातला, की खातं, की रांगेत उभा असलेला माणूस? आमच्याकडे खाती भरपूर होती, पण निम्म्याहून अधिक शून्य शिल्लकीची. योजनेचे पैसे यायचे आणि त्याच आठवड्यात पाचशे-पाचशे करून निघून जायचे. प्रत्येक वेळी काम तेवढंच, आणि हातात उरायचं काहीच नाही. खातं हा घड धरला तर जितकी गर्दी जास्त तितकी शाखा अधिक बुडते. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हाच.

विभागीय कार्यालयानं तो घोळ सोडवून ठेवलाच होता. त्यांच्या नमुन्यात एकच रकाना होता: एकतीस मार्चचा एकूण व्यवसाय, म्हणजे त्या दिवशीच्या ठेवी अधिक कर्ज. मी आकडे भरले. शाखा रेषेच्या खाली निघाली, थोडीथोडकी नाही, चांगली खाली. मला आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी भांडी कोणती न्यायची आणि कोणती शिपायाच्या बायकोला द्यायची हेही ठरवून टाकलं.

पण कागद पाठवला नाही. का, ते सांगता येत नाही. मला एखादा आकडा पटला नाही की चपलेत खडा गेल्यासारखं होतं. चालता येतं, पण सुखानं नाही. दुसऱ्या दिवशी मी उगाच कपाटातल्या फायली हलवल्या, खुर्च्यांची जागा बदलली, शिपायाला विनाकारण बोलले. कॅशियर काउंटरमागून बघत होता. तो खुर्चीवर बसून नोटा मोजत होता, आणि ते बघताना मला एकदम आठवलं की दोन आठवड्यांपूर्वी तो खुर्चीवर बसत नव्हता.

त्यानं होळीची पाळणी धरली होती. काठीच्या होळीत ज्यांचा नवस असतो ते होळीआधीचे काही दिवस खाटेवर, खुर्चीवर बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, जमिनीवर झोपतात आणि बायकांच्या हातचं खात नाहीत. त्यानं सगळे दिवस अनवाणी उभं राहून रोकड दिली होती. मी एकदा चहा पुढे केला तर हात जोडून म्हणाला होता, "मॅडम, आता नाही, होळीनंतर." आणि त्याच्यासमोरची रांग दाराबाहेर पडून झाडाखाली गेली होती. गुजरातेतून ऊसतोडीवरून परत आलेली माणसं, कमरेला कापडात पासबुकं बांधलेल्या बाया. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी चांदी, कपडे, डाळ्या, गूळ, बोकड. होळीला पैसा खात्यात ठेवणं म्हणजे लग्नाच्या दिवशी उपास करणं. सगळा डोंगर एका आठवड्यात रिकामा करून गेला होता.

आणि त्या वर्षी होळी आली होती मार्चच्या शेवटी.

मी वर्षभराची रोजची शिल्लक काढली आणि महिन्यांप्रमाणे लावून बघितली. रेघ मार्चअखेरीला जमिनीवर टेकलेली होती. त्याआधी वर्षभर वेगळंच चित्र. एप्रिल-मेमध्ये महू, म्हणजे मोहाची फुलं, मग आमचूर. कैऱ्या कापून वाळवून ते व्यापाऱ्याला विकलं की पैसे परत यायला लागतात, पावसाळ्याच्या तोंडावर शाखा सगळ्यात भरलेली असते. आमचं वर्ष जूनला पिकतं आणि कार्यालय त्याला मार्चमध्ये तोलतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यात मला सगळ्यात राग आला तो खालच्या शाखांचा. मी आधी सपाटीवरच्या एका शाखेत होते. तिथे मार्च एंडिंगला व्यवस्थापक जिनिंगवाल्याला फोन करतो, "शेठ, दोन दिवस पैसे ठेवा." शेठ ठेवतो. एकतीस तारखेला शाखा फुगते, एप्रिल उजाडला की पैसा परत. हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. आणि आमच्याकडे त्याच दिवशी माणसं खरोखर आपला पैसा खर्चून नाचत असतात, तर शाखा तोट्यात.

पूर्ण वर्षाची सरासरी घेऊन मी पुन्हा हिशेब मांडला. शाखा रेषेच्या वर आली. फार नाही, बोटभर. पण वर.

मग मी कितीतरी वेळ त्या दोन कागदांभोवती फिरत राहिले. पहिला कागद नियमाप्रमाणे होता, त्यांनीच तो रकाना दिला होता, आणि तो मला घरी पाठवत होता. दुसरा कोणी मागितलेला नव्हता. दुसरा पाठवायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

विभागीय कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. चांगला माणूस, निवृत्तीला आलेला, माझी परिस्थिती त्यांना माहीत होती. ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं मी आधी ऊन, मग नेटवर्क, मग त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. मग विचारलं, सरासरी शिल्लक धरली तर चालेल का?

"मॅडम," ते म्हणाले, "जे मागितलंय ते भरा. तुम्हाला घरी जायचंय ना? मी मुद्दाम ती पसंतीची ओळ घालून घेतली."

मी आभार मानले आणि फोन ठेवला. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून माझीच चिडचिड झाली.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक बाई केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. वरच्या पाड्यावरच्या बचत गटाची अध्यक्ष. त्यांचा आमचूरचा गट होता, दर वर्षी थोडं कर्ज घेऊन कैरी घ्यायच्या आणि हंगाम संपला की फेडून टाकायच्या. मराठी तिची अडखळत, पण अडायची नाही.

"बँक खाली जाणार म्हणतात. खरं का?"

"अजून काही ठरलं नाही," मी म्हटलं.

"खाली गेली तर जीपचं भाडं लागेल. दिवस जाईल." तिनं थोडा विचार केला. "मग आम्ही पैसे घरातच ठेवू."

"घरी काय होतं?"

"घरी ठेवला तो घराचा. इथं ठेवला तो माझा."

ती विनवणी करत नव्हती. बाजारात भाव विचारून पुढच्या दुकानात जावं तशी ती माहिती घेऊन निघून गेली. ती गेल्यावर मला वाटलं, जीपचं भाडं माझ्या कोणत्याच कागदावर नाही. शाखा बंद केली तर आमचा स्थिर खर्च वाचेल, पण तो कुठे नाहीसा होणार नाही. आमच्या कागदावरून उठून तिच्या कमरेच्या कापडात जाईल, दर खेपेला थोडा थोडा. आणि तिथे त्याला कोणी खर्च म्हणणार नाही.

तरी मी डोंगरातल्या बायांसाठी काही केलं असं सांगणार नाही. तसं सांगायला मला आवडलं असतं. माझ्यात समाजसेविका नाही. मला घरी जायचं होतं, आणि चुकीच्या आकड्यावर जायचं नव्हतं, एवढंच. दोन्ही एकदम मिळेना म्हणून मी चिडत होते.

दुसऱ्या शनिवारी घरी गेले. एसटीतून उतरले तेव्हा तो फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता, आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. घरी गेल्यावर कळलं का ते. त्यानं मागची खोली रंगवून घेतली होती. खिडकीजवळ टेबल ठेवलं होतं, माझ्या लॅपटॉपसाठी, आणि वर नवा पंखा. मी मागणार होते त्या शहाद्याच्या शाखेत मला जायला-यायला कोणती बस कितीला आहे तेही विचारून आला होता.

"आते सांग, कशी शे खोली?"

मी चांगली आहे म्हटलं. खरंच चांगली होती. रंगाचा वास अजून जात नव्हता. मी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

जेवताना त्याला दोन्ही कागदांचं सांगितलं. होळीचं, सरासरीचं, जूनचं. हिशेब त्याला लगेच कळला; त्याच्या बागेत तोडणी व्हायच्या आधी कोणी घड मोजायला आलं तर तो काय म्हणेल ते मला विचारायची गरज नव्हती. पण त्यानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मले एक सांग," तो म्हणाला. "तू घर येवाना बहाना शोधी ऱ्हायनी का नही येवाना?"

मी भडकले. तीन वर्षं मी घाटातल्या एसट्यांचे धक्के खाल्ले, तापात एकटी पडून राहिले, आणि हा मला विचारतो! मी बरंच बोलले. तो ऐकत होता. एरवी तो मधे काहीतरी चावट बोलून मला हसवतो, त्या दिवशी नाही. आणि माझा आवाज चढत गेला तसं मलाच कळत गेलं की उत्तर मला ठाऊक नाही. वर मी रोज खाली यायच्या गोष्टी करायचे. खाली आले की दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच बसची वेळ बघायचे. त्या रंगवलेल्या खोलीत मी महिनाभर तरी टिकेन का, हे मला त्या ताटावर बसून खरंच सांगता आलं नसतं. म्हणून तर एवढा राग आला.

रविवारी संध्याकाळच्या बसनं परत गेले. सोमवारी साहेबांना त्यांचा रकाना भरून पाठवला, आणि त्याच मेलला दुसरा कागदही जोडला. सोबत चार ओळी लिहिल्या: या भागात यंदा मार्चअखेरीला शिल्लक सगळ्यात कमी होती, कारण होळी; वर्षाच्या सरासरीवर शाखा आपला खर्च भागवते; आणि एखाद्या शाखेला तिच्या सगळ्यात रिकाम्या दिवशी तोलून ठरवणं बरोबर नाही. पाठवा म्हणून बटण दाबलं आणि लगेच परत बोलावता येतं का ते बघितलं. येत नव्हतं.

कॅशियरला सांगितलं तेव्हा त्यानं नोटांच्या गड्डीला रबर लावलं आणि म्हणाला, "बरोबर केलं मॅडम." त्याच्या आवाजात आनंद नव्हता. मुलांच्या शाळेचा विचार करत असणार.

मे महिन्यात उत्तर आलं. शाखा चालू राहील, पुढच्या वर्षी सरासरीवरच पुन्हा तपासणी होईल. व्यवस्थापकानं स्वतः दिलेल्या अंदाजाप्रमाणे शाखा चालवून दाखवावी, म्हणून माझी इथल्या नेमणुकीची मुदत एका वर्षानं वाढवली. कॅशियरनं वेगळा अर्ज केला होता, त्याला नंदुरबार मिळालं. तो पेढे घेऊन आला आणि मी दोन खाल्ले. त्याचं मनापासून बरं वाटलं आणि हेवाही वाटला, दोन्ही एकाच पेढ्यात.

नवऱ्याला फोन केला. वाटलं होतं तो ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला. मग पाणी कमी पडतंय, लाइट दुपारी जाते, असं काहीबाही बोलला. मी खोलीबद्दल काही म्हणणार तेवढ्यात म्हणाला, "येशी तवय फोन करजो." आणि ठेवून दिला. असं त्यानं मला कधी म्हटलं नव्हतं. फोन करून पाहुणे येतात.

मी ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि दोन दिवस तेच मनात घोळवलं. शेवटी रविवारी, घरी जायचा शनिवार नसताना, फोन न करता पहाटेची पहिली बस पकडली. दोनदा गाडी बदलली. फाट्यावरून ऊन डोक्यावर घेऊन चालत गेले. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि दर वळणावर ते बदलत होते. एवढंच पक्कं होतं की मी आधी बोलणार, त्याला बोलू देणार नाही, आणि वर्ष म्हणजे काय, बघता बघता जाईल असं काहीही म्हणणार नाही.

घराला कुलूप होतं.

मी कडी हलवली, मागे जाऊन बघितलं, बागेच्या बाजूला हाक मारली. मग ओट्यावर पर्स उघडून बसले. पर्समध्ये शाखेच्या शटरच्या किल्ल्या होत्या, तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी माझ्या वाट्याची होती, रेकॉर्डच्या कपाटाची होती, वरच्या भाड्याच्या खोलीची होती. या घराची नव्हती. कधी नव्हतीच, मी यायचे तेव्हा तो असायचा, म्हणून कधी लागली नव्हती.

शेजारच्या काकू आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या दिला.

"तो तं लग्नले गया, धानोऱ्याले," त्या म्हणाल्या. "सांजले येई. तुले सांगं नही का त्यानी?"

मी तांब्या तोंडाला लावला.

"किल्ली नही का तुन्हाजोडे?"

"नाही," मी म्हटलं.